रॉनचा धाकटा भाऊ

२७ ऑक्टोबर, सोमवार. सकाळच्या चहानंतर.

नवी वही सुरू. हयात बाभुळगावच्या तहसीलीसमोर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज नि पत्रं लिहिण्यात गेली, त्यामुळे कोरा कागद दिसला की हात आधी खुशाली विचारतो. ही वही कोणाला धाडायची नाही. तरी विचारून घेतो, कागदाला बरं वाटतं.

सौ. इंदूबाईचा गुडघा कसा आहे? ओट्यावर चढताना कुरकुरतो, उतरताना भांडतो. म्हणजे होता तसाच. सलीलची ॲसिडिटी? पुण्याला पोचल्याबरोबर मिसळीचा फोटो आला, म्हणजे चिरंजीव बरे असावेत. सूनबाई निशिगंधाची मान? पट्टा लावून ऑफिसात बसते. दोस्त बबनरावचा दमा? माझ्याशी वाद घालताना लागत नाही, घरी काम सांगितलं की लागतो. गाय? काल लाथ मारली. ठणठणीत. नात आभा? तिला विचारलं की 'फाइन' म्हणते. इंग्रजीत फाइन म्हणजे उत्तम आणि फाइन म्हणजे दंडसुद्धा. मी उत्तम धरून चालतो. माझी स्वतःची? बीपीची गोळी सोडली तर जवान.

मंडळी दिवाळी करून काल पुण्याला गेली. घर आठवडी बाजार उठल्यावरच्या मैदानासारखं झालं आहे. आभाच्या उशीखाली दोन जाडजूड चित्रांची पुस्तकं सापडली. इंग्रजीत. जपानी लोक चौकोनी टेबलाभोवती बसून छोट्या विटांसारख्या सोंगट्या खेळतात. खेळाचं नाव माहजोंग. उद्या कुरिअर करतो. दुसऱ्याची वस्तू उघडून पाहायची नाही, हे आपलं पहिल्यापासूनचं तत्त्व.

२८ ऑक्टोबर, मंगळवार.

कुरिअर झालं नाही. पुठ्ठा सापडला नाही. पुठ्ठा शोधताना पुस्तक आपोआप उघडलं.

काळा चष्मा घातलेला एक म्हातारा आहे. तो एक सोंगटी उचलतो आणि ती टाकू की ठेवू, यावर पानंच्या पानं घाम गाळतो. गालावरून ओघळणारा एक एक थेंब काढला आहे. का घाम, कशाचा घाम, काही कळलं नाही. पण हातातलं पुस्तक ठेववेना. चहावर साय धरली. इंदू येऊन म्हणाली, हे काय, नातीचं कार्टून वाचून राह्यले का या वयात? मी म्हणालो, इंग्रजी सुधारून राह्यलो.

उद्या नक्की कुरिअर.

३० ऑक्टोबर, गुरुवार. दुपारी.

दोन्ही भाग वाचून झाले, आधी हाताला लागला तो दुसरा, मग पहिला. मन भरून आलं. काय कथा आहे! एक मोठा खेळाडू, मोटारी, माणसं, सलाम. मग हळूहळू एकेक सुटत जातं, मित्र अनोळखी होतात, आणि शेवटच्या पानावर तो पोरसवदा होऊन एका खानावळीत भांडी विसळत बसतो. त्याला खेळाचं नावही माहीत नाही. माणसाचं आयुष्य असंच मागं मागं जातं. असं लिहायला छाती लागते.

पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात 'स्टॉप' असं काहीतरी लिहिलं होतं. तंबाखूच्या पुडीवर असते तशी सूचना असावी. वाचली नाही.

२ नोव्हेंबर, रविवार.

आभाचा फोन रविवारी येतो. माझ्या वाट्याला तीन वाक्यं. जेवलात का, गोळी घेतली का, आजीला द्या. हीच पोरगी लहानपणी सुट्टीत आली की दिवसभर माझ्या शेजारी सतरंजीवर बसायची आणि अर्जदारांच्या हाताला अंगठ्याची शाई लावायची. तेव्हा तोंड बंद म्हणून नसायचं. आता ती मोठी झाली आणि माझ्याकडे तिच्या कामाचा विषय उरला नाही. ही तक्रार नाही, नुसती नोंद आहे.

आज दुसऱ्या वाक्यानंतर मी मध्येच घुसवलं, की तुझी पुस्तकं वाचली. पलीकडून ती किंचाळलीच. आबा, खरंच? माहजोंगवाली? तो चष्मेवाला आवडला का? मी म्हणालो, आवडला, पण शेवटी खानावळीतल्या भांड्यांनी रडवलं. यावर ती इतकी हसली, इतकी हसली, की मी फोन कानापासून लांब धरला. ही पुस्तकं उजवीकडून डावीकडे वाचायची असतात. तो पोरगा भांडी विसळण्यापासून सुरू होतो. मी उलटा वाचत गेलो. मी शांतपणे सांगितलं, की मला माहीत होतं. आम्ही तहसीलीतली माणसं, निकाल आधी वाचतो, अर्ज मागून.

मग तिनं विचारलं, नियम कळले का? तिला एकही कळत नाही. ती नुसते चेहरे पाहते. तिच्या कॉलेजात कोणालाच कळत नाहीत आणि सगळे वाचतात. मी म्हणालो, अगं, हयातभर रमी खेळलो, हा खेळ रमीच्या मावशीचा पोरगा. निघून गेलं तोंडातून. ती म्हणाली, मग डिसेंबरच्या सुट्टीत गोव्याला जायचं होतं ते कॅन्सल. कॉलेजमधला श्रेयस सोंगट्यांचा सेट मागवतोय. तो, मैत्रीण मिताली आणि मी बाभुळगावलाच येतो. चार जण लागतात. आम्ही तिघं, चौथे तुम्ही. आबा, तुम्ही शिकवायचं हं.

गोवा रद्द करून बाभुळगाव! असं कोणाच्या नशिबात आलं आहे?

बोलण्याच्या भरात इंदूला फोन द्यायचा राहिला. संध्याकाळपासून भांडी जोरात ठेवली जाऊन राह्यली.

संकल्प: आठ दिवसांत सगळे नियम पाठ.

५ नोव्हेंबर, बुधवार.

अभ्यास सुरू. पुस्तकाच्या शेवटी, म्हणजे माझ्या सुरुवातीला, नियमांचं एक पान आहे. अक्षर मुंगीच्या पायाएवढं. भिंग घेऊन तीन ओळी वाचल्या. चौथीत लिहिलं आहे की अधिक माहितीसाठी पुढचा भाग पाहा. पुढचा भाग आभाकडे. आता यात माझी काय चूक?

पण आपण आयुष्यभर अर्धवट कागदांवरून अख्खी प्रकरणं समजून घेतली आहेत. पुस्तकावरून खेळ काढता येतो. आजचा निष्कर्ष महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

रॉन आणि रिची असे दोन भाऊ आहेत. ते चित्रात कुठंच दिसत नाहीत. पण खेळ रंगात आला की कोणीतरी सोंगटी आपटून 'रिची!' अशी हाक मारतो आणि त्याच्या नावानं एक बारीक काडी टेबलावर ठेवतो. नवसाची असावी. रिची काही येत नाही. सगळे नुसते घाम पुसतात. मग अवचित कोणी 'रॉन!' म्हणून ओरडला की समोरच्याच्या तोंडचं पाणी पळतं आणि डाव तिथंच संपतो. म्हणजे रॉन थोरला, गावचा दादा. रिची धाकटा, मवाळ. त्याला सगळे बोलावतात, पण भीत कोणी नाही.

'कान' असंही ओरडतात. कोणाचा कान धरलेला अजून दिसला नाही. लक्ष ठेवतो.

९ नोव्हेंबर, रविवार.

बबनरावला टपरीवर सगळं समजावून सांगितलं. त्यानं चहा ठेवून विचारलं, मंग थे दोघं भाऊ येत काहून नाही? मी सांगितलं, मोठी माणसं दिसत नसतात, त्यांच्या नावावर कामं होतात. हे त्याला पटलं. रिचीचं मात्र त्याला फार वाईट वाटलं. बबनराव स्वतः चार भावांत धाकटा. म्हणाला, धाकट्याचं असंच असते भगवानराव. कामापुरती हाक, पंगतीत पत्रावळ शेवटची.

आभाचा फोन. बराच वेळ बोलली. इंदूला फोन दिला, पण बॅटरी संपली. इंदूनं माझ्या ताटात आज लोणचं वाढलं नाही.

आठ दिवसांची मुदत संपत आली. मुदतवाढ मंजूर.

१६ नोव्हेंबर, रविवार.

मोठी बातमी. मोबाइलमध्ये माहजोंगचा खेळ सापडला! फुकट. सोंगट्यांचा ढीग असतो, एकसारख्या दोन दिसल्या की बोट लावायचं, दोन्ही गायब. ढीग संपला की जिंकलो. रंगीत कागद उडतात, वाजंत्री वाजते. एवढंच होय? एवढ्यासाठी तो चष्मेवाला घाम गाळत होता?

दुपारपर्यंत इतक्या पायऱ्या चढलो की मोबाइलनं मला इंग्रजीत 'मास्टर' म्हटलं. मधून मधून गुडघ्याच्या तेलाची जाहिरात येते. इंदूला दाखवली. ती म्हणाली, मोबाइलले मायी काळजी हाय.

शंका एकच. पुस्तकात कोणी जोड्या काढताना दिसत नाही. पण पुस्तकात जेवणंही दाखवत नाहीत, म्हणून काय ते लोक जेवत नसतील?

२४ नोव्हेंबर, सोमवार.

आभाचे मेसेज. आता रविवारची वाट पाहत नाही पोरगी. विचारलं, आबा, रिची कधी म्हणायचं? मी लिहिलं, रिचीला शेवटी शेवटी बोलावतात, एकच पाऊल राहिलं असतं तेव्हा. तिचं उत्तर, ओ माय गॉड, बरोबर, श्रेयसपण असंच म्हणाला! मग विचारलं, आणि रॉन? मी लिहिलं, रॉन आला की खेळ खलास, ज्याच्या हातून चूक झाली त्याची धडगत नाही. तिनं टाळ्यांची चित्रं पाठवली.

बघा. नियम नियम म्हणून लोक उगाच घाबरवतात. माणसं कळली की खेळ कळतो.

फक्त हा श्रेयस कोणाकडून शिकून राह्यला, ते विचारायला हवं होतं.

३ डिसेंबर, बुधवार.

पुण्याहून पार्सल. तिसरा भाग. वर आभाच्या अक्षरात 'आबांसाठी' लिहिलं आहे. आभानं या घरात पाठवलेलं आणि फक्त माझं नाव असलेलं पहिलं पाकीट. इंदूनं ते उलटंसुलटं पाहिलं. मले काय पाठवलं, असं विचारलं नाही, पण पाहिलं. मी तिला म्हणालो, वाच तूही. ती म्हणाली, मले तुरीच्या शेंगा सोलायच्या हायत, तुमची सोंगटी सोला तुम्ही.

हा भाग जरा नीट, उजवीकडून वाचला. चष्मेवाल्याला खोकला लागला आहे. दवाखान्यातून उठून खेळायला येतो. सून अडवते. तो तिला म्हणतो, माझी खुर्ची रिकामी राहिली तर तिघं पोरं खोळंबतील. इथं मी पुस्तक मिटून अंगणात जाऊन आलो. जपानातही म्हातारे असेच.

याच भागात नियमांचं पुढचं पान आहे. उद्या वाचतो. आज असल्या मनःस्थितीत नियम वाचणं बरं नाही.

१४ डिसेंबर, रविवार. दुपारी.

मिरवायला नको म्हणून वहीतच लिहितो. आज मी व्हिडिओ लावला. जपानी माहजोंग, नवशिक्यांसाठी. व्हिडिओतला पोरगा पटापट सोंगट्या मांडत होता. चार जणांपुढे चार भिंती रचल्या. मग तीन तीनचे गट करायला लागला. जोड्या गायब करेना. थोडा वेळ पाहिला. बंद केला.

तो पोरगा दुसऱ्या प्रांतातला असावा. आपल्याकडेही दारव्ह्याची रमी वेगळी आणि मारेगावची वेगळी.

आता येणार आहेत म्हटल्यावर ऐनवेळी पोरांचं मन मोडायचं का? आभाला खरं सांगू का, असं एकदा वाटलं. मेसेज लिहिलाही. 'प्रिय आभा, मला या खेळाबाबत.' इथपर्यंत. मग तिचाच मेसेज आला की तिकिटं झाली, तिघांची. माझा पुसून टाकला.

इंदूनं जेवणाला गोवऱ्यांवर भाजायच्या रोडग्यांचं ठरवलं आहे. चौरंग पुसला, पूर्वेला तोंड करून माझी बैठक. ज्याचं तोंड पूर्वेकडे, त्याची पहिली खेळी. हे कुठं वाचलं आठवत नाही, वास्तुशास्त्र असावं.

२५ डिसेंबर, गुरुवार.

आले! श्रेयस उंच, शांत, आजोबा आजोबा करतो. मिताली बारक्या विनोदालाही गडबडा लोळते. आभानं आल्या आल्या माझ्या गळ्यात हात टाकून सांगितलं, हे आमचे मास्टर. इंदूनं सगळ्यांना रोडगे, वांग्याची भाजी आणि वर इतकं तूप घातलं की श्रेयसला खेळाआधीच झोप आली.

जेवताना मी रॉनचे दोन किस्से सांगितले, माझ्या डोक्यातले. मिताली ठसका लागेपर्यंत हसली. आभा ताटावरून माझ्याकडे पाहत होती. खूप दिवसांनी कोणी असं माझ्याकडे बोलणं संपू नये म्हणून पाहिलं.

उद्या सकाळी खेळ.

२६ डिसेंबर, शुक्रवार. सायंकाळी.

लिहायचं नव्हतं. लिहितो.

श्रेयसनं पेटी उघडून चौरंगावर सोंगट्या ओतल्या. सुपात चिंचोके ओतावेत असा आवाज. जड, गुळगुळीत, हिरव्या पाठीच्या. बबनराव पाहायला आला होता, त्यानं एक उचलून दाताखाली दाबून पाहिली. आभा म्हणाली, आबा, सांगा, सुरुवात काय करायची?

मी चिमणीचं चित्र असलेल्या दोन सोंगट्या शोधल्या. एक इथं, एक तिथं. उचलून बाजूला ठेवल्या. मग दोन हिरव्या. त्याही बाजूला. पोरं पाहत राहिली. श्रेयस हळूच म्हणाला, आजोबा, सेट पूर्ण आहे का ते तपासताय का? मी म्हणालो, नाही बेटा, खेळून राह्यलो.

त्यानं अगदी सांभाळून सांगितलं, की मोबाइलवरचा तो खेळ निराळा. सोंगट्या याच, नाव हेच, पण ती एकट्यानं वेळ घालवायची करमणूक. हा चौघांचा. त्यानं नेटवर शिकून घेतला आहे, महिनाभर खेळतोय.

इथं मी थांबायला हवं होतं. पण बबनराव होता ना. तो म्हणाला, थे जाऊ द्या, पण रिची कवा येते? भगवानराव म्हणे, थो रॉनचा धाकटा भाऊ होय.

मिताली आडवीच झाली. चहा नाकातून आला तिच्या. श्रेयसनं ओठ दाबले, पण खांदे हलत होते. मग त्यानं समजावलं. एकच सोंगटी यायची राहिली की 'रिची' असं जाहीर करायचं आणि पैजेची काडी ठेवायची. आणि दुसऱ्यानं टाकलेल्या सोंगटीवर आपला डाव पुरा झाला की 'रॉन' म्हणायचं. माणसं नाहीत ती. शब्द आहेत.

बबनराव म्हणाला, म्हंजे कोनीच नव्हतं? आणि पिशवी उचलून घरी गेला. त्याला लागलंच ते.

आभा हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याकडे पाहत होती, आणि हळूहळू तिचा चेहरा दवाखान्यात भेटायला आलेल्या माणसासारखा समजूतदार झाला.

मी पाण्याची मोटर पाहून येतो म्हणून उठलो. लाइन नव्हती. तरी पाहिली.

२७ डिसेंबर, शनिवार.

हिंमत हरायची नाही. चारात एक कमी म्हणजे खेळ बंद, तेव्हा माझी जागा पक्की आहे. सकाळी श्रेयसकडे शिकलो. भला मुलगा. एकच गोष्ट कितीदाही सांगतो. गोल वेगळे, बांबू वेगळे, चिनी आकडे वेगळे. तीन तीनचे चार गट आणि एक जोडी. आकडे ओळखताना माझा वेळ जातो. माझी पाळी आली की पोरं मोबाइल पाहून घेतात.

'पोन', 'ची', 'कान' हे ओरडायला मला आवडलं. दुसऱ्यानं टाकलेली सोंगटी ओरडून उचलायची. दिसेल ती उचलली. तिसऱ्या डावात पाहतो तर काय, चार गट आणि जोडीला एकच कमी! मितालीनं नेमकी तीच टाकली. मी 'रॉन!' म्हणून असा ओरडलो की गायीनं दावं ओढलं आणि शेजारच्या सत्यभामाबाई कुंपणावरून डोकावल्या. आभा टाळ्या पिटत उभी राहिली.

श्रेयसनं माझ्या सोंगट्या पाहिल्या. म्हणाला, आजोबा, गट बरोबर आहेत. पण याकू नाही.

याकू म्हणजे मान्य ठरलेल्या ठरावीक रचनांपैकी निदान एक तरी हातात पाहिजे. नाही तर डाव पुरा असूनही पुरा नाही. मला लगेच कळलं. अर्ज बिनचूक, सह्या जागेवर, आणि कोर्ट फीचं तिकीट लावायचं राहिलं. किती लोकांना असं मी स्वतः परत धाडलं आहे. त्या वेळी ते माझ्याकडे जसे पाहायचे, तसंच मी श्रेयसकडे पाहिलं असणार.

वर दंड बसला. फाइन.

दुपारी जेवून जरा आडवा झालो. उठलो तर ओट्यावर सोंगट्या वाजत होत्या. जाऊन पाहिलं. तिघं बसले होते. मला पाहून श्रेयस चटकन म्हणाला, आजोबा, तुम्ही आराम करा, हा तिघांचाही प्रकार असतो. काही सोंगट्या बाजूला काढल्या की झालं.

काही सोंगट्या बाजूला काढल्या होत्या. त्यांच्याजवळ बसलो थोडा वेळ.

आभा छान खेळते. 'रिची' म्हणताना तिचा आवाज ठाम लागतो.

२८ डिसेंबर, रविवार.

मंडळी गेली. एसटी स्टँडवर आभानं बॅगेतून तिन्ही भाग काढून माझ्या हातात दिले. म्हणाली, आबा, हे तुम्हालाच. ठेवा. नियम कळल्यापासून मला ते वाचवत नाहीत. पान उघडलं की नुसती आकडेमोड दिसते. आधी तो घाम कशाचा, ते आपण दोघंच ठरवायचो.

त्या घडीला मला यातलं 'तुम्हालाच' तेवढं ऐकू आलं होतं. आनंदात घरी आलो. इंदूला दाखवलं, की बघ, तिन्ही मला दिली. इंदू म्हणाली, जे वाचून झालं थेच तं देते मानूस.

४ जानेवारी, रविवार.

फोन आला. मी तयारीनं बसलो होतो. श्रेयसनं लिहून दिलेल्या याकूंपैकी तीन पाठ केले आहेत, ते ऐकवले. ती हं, हं म्हणाली. मी चौथा सांगायला लागलो. ती म्हणाली, आबा, माहजोंग सध्या बंद आहे, श्रेयसचं प्रोजेक्ट आहे, मितालीचं पण. मग इंदूशी पुष्कळ वेळ बोलली. काय बोलली विचारलं तर इंदू म्हणाली, सांगन मंग.

तिसरा भाग पुन्हा काढला. खरंच आकडे दिसतात. चष्मेवाला सोंगटी धरून थांबला की मी त्याच्याआधी ओळखतो, बांबूची पाच, टाक बावा, कायले घाम गाळून राह्यला. त्यानं एका जागी चुकीचीच टाकली. चार पानं घाम गाळून चुकीची. मला त्याचा राग आला आणि मग फार कानकोंडं झालं.

बबनरावनं टपरीवर विचारलं, खरंच कोनी नव्हतं का? मी नाही म्हणालो. त्यानं माझ्यासाठीही चहा सांगितला.

संकल्प: नियम विसरायचे. आठ दिवसांत.

११ जानेवारी, रविवार.

विसरत नाहीत. ज्या डोक्यात दोन महिने शिरले नाहीत, तिथून आता निघेनात.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत. सकाळी.

इंदूनं आज तीळगूळ देताना सांगून टाकलं. म्हणाली, पोरगी आजकाल दुसरंच काही वाचून राह्यली, मले नाव सांगतलं होतं पन इंग्रजी होतं, ध्यानात नाही राह्यलं. तुम्हीच इचारा. एवढं कायचं तोंड पाडून बसले?

मेसेज लिहायला बसलो. हात नेहमीच्या वळणानंच गेला. पाठवलेला मजकूर इथं उतरवून ठेवतो.

'चि. आभा हिस आबांचे अनेक आशीर्वाद. तीळगूळ घे. विषय: नवीन पुस्तकाचे नाव कळविणेबाबत. वरील विषयाचे अनुषंगाने कळते की, सध्या तू वेगळे पुस्तक वाचत आहेस. अर्जदारास त्यातले काहीएक माहीत नाही. नियम, रीत, बाजू, काहीच नाही. शिकवीन असेही या वेळी म्हणत नाही. तू काय पाहतेस ते सांग, मी काय पाहिले ते सांगेन. चुकीचे असेल तर मोठ्याने हस. समजून घेऊ नको. पुस्तक पाठवलेच पाहिजे असे नाही, नाव कळले तरी यवतमाळहून मागवून घेईन. मात्र उत्तर लवकर लिही, तू ते संपवण्याआधी.'